उमराव गावावर हसतो तेव्हा

विनोद करणाऱ्यांसाठी हल्ली एक नियम सर्रास सांगितला जातो: वरच्यावर हाणा, खालच्यावर नको. मंत्री, मालक, बुवा-महाराज, सिनेमातले तारे यांची खुशाल टर उडवा. पण मोलकरीण, वॉचमन, खेड्यातून आलेला, जाडा, काळा, तोतरा यांच्या वाटेला जाऊ नका. नियम इतका न्याय्य वाटतो की त्याला हरकत घेणारा माणूस लगेच मग्रूर दिसायला लागतो. तरीही मला हरकत घ्यायची आहे, आणि साक्षीला मी एका उमरावाला बोलावणार आहे. खराखुरा उमराव, ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसून आलेला.

ख्रिस्तोफर गेस्ट. जन्म १९४८ चा, न्यूयॉर्कचा. वडील ब्रिटिश, संयुक्त राष्ट्रसंघात राजनैतिक अधिकारी, आई अमेरिकन. आजोबा लेस्ली हेडन-गेस्ट मजूर पक्षाचे राजकारणी, त्यांना १९५० मध्ये सरदारकी मिळाली. ती काकांकडून वडिलांकडे आणि १९९६ मध्ये वडील वारल्यावर ख्रिस्तोफरकडे आली. असा हा विनोदी नट पाचवा बॅरन हेडन-गेस्ट झाला. १९९९ च्या कायद्याने बहुतेक वंशपरंपरागत सरदारांना सभागृहाबाहेर काढलं, तोवर त्याला तिथे बसण्याचा हक्क होता आणि तो जाऊन बसलाही. जन्माने मिळणारी ही खुर्ची न्यायाची नाही हे त्याला मान्य होतं, ते सोडा. मुद्दा असा, की ही सरदारकी अंगावर पडली त्याच सुमारास त्याचा ‘वेटिंग फॉर गफमन’ आला, आणि त्यात तो हसला कोणावर? मिसुरी राज्यातल्या एका काल्पनिक आडगावातल्या दाताच्या डॉक्टरवर, आइस्क्रीमच्या दुकानात काम करणाऱ्या पोरीवर, ट्रॅव्हल एजन्सी चालवणाऱ्या नवराबायकोवर. स्वतः लॉर्ड, बायको जेमी ली कर्टिससारखी हॉलिवूडची तारका, आणि हसणं मात्र आइस्क्रीम विकणाऱ्या मुलीवर! वरचा नियम लावला तर खटला उभा राहायच्या आधीच निकाल लागतो.

निकालाआधी आरोपीची ओळख तरी करून घेऊ. सत्तरच्या दशकात ‘नॅशनल लॅम्पून’ या अमेरिकन विनोदी मासिकाच्या रंगमंचावरून आणि रेडिओवरून तो विनोदात शिरला. जगाला तो खरा कळला १९८४ च्या ‘धिस इज स्पायनल टॅप’मुळे. दिग्दर्शक रॉब रायनर. माहितीपटाचं सोंग घेतलेला चित्रपट, म्हणजे ज्याला मॉक्युमेंटरी म्हणतात त्यातला. उतरणीला लागलेला एक इंग्रज रॉक बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर निघालाय आणि एक भाबडा दिग्दर्शक त्यांच्यावर फिल्म करतोय, असा सगळा देखावा. बँड खोटा, पण गाणी नटांनी स्वतः रचलेली आणि स्वतः वाजवलेली. गेस्ट त्यात नायजेल टफनेल नावाचा गिटारवाला झालाय.

त्यातला एक प्रसंग जगभर माहीत आहे. नायजेल दिग्दर्शकाला आपला खास अॅम्प्लिफायर दाखवतो. बाकीच्यांच्या बटणांवर दहापर्यंत आकडे असतात, याच्या बटणांवर अकरापर्यंत आहेत. दिग्दर्शक साधी शंका काढतो: दहाचाच आवाज वाढवून घ्या आणि त्यालाच दहा म्हणा, अकरा कशाला? आता गेस्टचा चेहरा बघा. तो चिडत नाही, ओशाळत नाही. प्रश्न त्याच्या डोक्यात उतरतो, आत कुठेतरी फिरतो, वाट सापडत नाही म्हणून परत येतो, आणि तो शांतपणे सांगतो की ही अकरापर्यंत जातात. मूर्खाची नक्कल करणारा नट इथे डोळे फिरवील, जीभ बाहेर काढील. गेस्ट मात्र नायजेलच्या श्रद्धेला धक्का लावत नाही. ज्याच्या आयुष्यात बाकी सगळं उतरणीला लागलंय त्याच्यापाशी एक आकडा जास्तीचा आहे आणि तो कोणी काढून घेऊ नये, एवढंच त्याचं म्हणणं. पुढे बीबीसीने आपल्या आयप्लेअर या ऑनलाइन सेवेचा आवाज अकरापर्यंत ठेवला, तो या प्रसंगाला केलेला सलामच.

या चित्रपटाने रॉकवाले दुखावले का? यू-टू बँडचा गिटारवाला एज याने म्हटलंय की तो पाहून त्याला हसू नव्हे, रडू आलं, इतकं ते खऱ्याच्या जवळ होतं. चित्रपटात नायजेल कागदावर फुटाऐवजी इंचाची खूण करतो आणि स्टेजवर स्टोनहेंजची, म्हणजे इंग्लंडमधल्या त्या प्राचीन प्रचंड शिळांची, अठरा इंची प्रतिकृती उतरते. ब्लॅक सबाथ या खऱ्या रॉक बँडने १९८३ च्या दौऱ्यासाठी बनवलेलं स्टोनहेंज उलट इतकं अवाढव्य होतं की सभागृहांत मावेना. वास्तव विनोदाच्या एक पाऊल पुढेच होतं म्हणायचं.

रॉकवाले कसेही असले तरी वरचेच, त्यांच्यावर हसणं नियमात बसतं. अडचण त्यानंतर सुरू होते. गेस्टने स्वतः दिग्दर्शित केलेल्या मॉक्युमेंटरी १९९६ पासूनच्या, आणि त्यांतली माणसं एकापेक्षा एक किरकोळ: हौशी नाटकवाले, कुत्र्यांच्या स्पर्धेला जाणारे, विस्मरणात गेलेले लोकगीत गायक, शेवटी तर खेळाच्या मैदानावर प्राण्यांचे पोशाख घालून नाचणारे.

‘वेटिंग फॉर गफमन’मधलं गाव ब्लेन. त्याची स्थापनाच चुकीतून झालेली: कॅलिफोर्नियाला निघालेल्या तांड्याच्या म्होरक्याला हवेत खारट वास आला, समुद्र आला असं वाटून सगळे तिथेच थांबले. समुद्र शेकडो मैल लांब. गावाला १५० वर्षं होतात म्हणून नाटक बसवायचं ठरतं. बसवणार कॉर्की सेंट क्लेअर, न्यूयॉर्कला नशीब काढायला गेलेला आणि परत आलेला. हा गेस्ट स्वतः. मग निवड चाचणी. दाताचा डॉक्टर (युजीन लेव्ही) सांगतो की शाळेत वर्गातला विदूषक तो नव्हता, पण त्या विदूषकाच्या शेजारी बसायचा आणि त्याचा अभ्यास करायचा. आपल्याकडे राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींना जो कधी गेलाय त्याला हा डॉक्टर लगेच ओळखू येईल. ऑफिस सुटल्यावर डबा तसाच हातात घेऊन येणारा, सगळ्यांची वाक्यं पाठ असणारा, आणि भूमिका मात्र शिपायाचीच मिळणारा.

तालमींमध्ये बातमी फुटते की ब्रॉडवेचा कोणी मॉर्ट गफमन नाटक बघायला येणार. त्याच्यासाठी खुर्ची राखून ठेवली जाते. नाटक सुरू होतं, खुर्ची रिकामी. मग एक गृहस्थ येऊन तिच्यात बसतात आणि विंगेत आनंदाचा पूर येतो. ते गफमन नसतात, भाचीचं बाळ बघायला गावात आलेले पाहुणे असतात.

तर ही टिंगल आहे का? नाटक किती वेळ दाखवलंय ते बघा. गेस्टला गावाचा पाणउतारा करायचा असता तर दोन मिनिटांत नाटकाचा विचका दाखवून तो मोकळा झाला असता. बेसूर गाणं, पडलेला पडदा, विसरलेलं वाक्य, हे हुकमी हशे आहेत. त्याने उलट केलं. गाणी बऱ्यापैकी चालीत आहेत, ती गेस्ट आणि स्पायनल टॅपमधले त्याचे जोडीदार नट मायकेल मकीन आणि हॅरी शिअरर यांनी मन लावून रचली आहेत. नट बरे गातात, फार चांगलं नाही, पण त्या गावात कोणी गाईल तितकं. आणि प्रेक्षक खूश होतात. चित्रपटातल्या गावाला त्या रात्री नाटक मनापासून आवडतं, आणि कॅमेरा त्या आवडण्यावर हसत नाही. फजिती होते ती गफमनच्या आशेची.

आता माझा मुख्य मुद्दा. मॉक्युमेंटरी या प्रकारात माणूस कॅमेऱ्यासमोर बसून स्वतःबद्दल बोलतो. कोर्टात आरोपी कैफियत देतो तशी ती मुलाखत असते. गेस्टच्या चित्रपटात ज्याच्यावर हसायचं त्याची कैफियत आधी पूर्ण ऐकून घेतली जाते. ट्रॅव्हल एजंट नवराबायको गावाबाहेर जवळपास पडलेलेच नाहीत, पण त्यांना विचारा, ते किती ठसक्यात आपलं सांगतात! आपण हसतो, आणि हसता हसता त्यांची बाजू आपल्याला कळते. कोण वर, कोण खाली हे पाहण्यापेक्षा, ज्याच्यावर हसलात त्याचं म्हणणं तुम्ही ऐकून घेतलं का, हे विचारणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. खालच्यावर अजिबात न हसणं हाही एक प्रकारचा तिरस्कारच असू शकतो. ज्याच्यावर हसायचं नाही त्याच्याबद्दल लिहायचंही नाही, अशी वेळ लवकर येते; मग मोलकरणीला चित्रपटात रडण्यापुरतीच जागा उरते.

गेस्टची काम करण्याची रीतच अशी आहे की तिच्यात तुच्छतेला फार जागा मिळत नाही. तो आणि लेव्ही मिळून पटकथा लिहीत नाहीत, आराखडा लिहितात. प्रत्येक प्रसंगात काय घडणार ते ठरलेलं, प्रत्येक माणसाचा पूर्वेतिहास बारकाईने लिहिलेला, पण संवाद शून्य. संवाद नटांनी कॅमेरा चालू असताना जागच्या जागी सुचवायचे. ‘गफमन’साठी साठेक तासांचं चित्रीकरण झालं आणि त्यातून ८४ मिनिटांचा चित्रपट निघाला. आपल्या वगातही नट आयत्या वेळी बोलतोच, पण त्याच्यासमोर प्रेक्षक असतो. हशा आला की तो आणखी ताणतो, शिट्टी वाजली की तिकडे वळतो. गेस्टच्या नटासमोर कोणीच नसतं. विनोद जमला की नाही ते सांगायला हशा नाही, समोर फक्त एक कॅमेरा आणि न हसणारी माणसं. अशा वेळी विनोद मारण्याचा मोह धरला तर नट उघडा पडतो. टिकतो तो त्या माणसाच्या आत शिरून बसलेला. म्हणूनच कॅथरीन ओहारा, फ्रेड विलर्ड, पार्कर पोझी, बॉब बालाबन हीच माणसं चित्रपटामागून चित्रपट परत येत राहिली. ही सवय एका दिवसात लागत नाही आणि कोणालाही लागत नाही.

‘बेस्ट इन शो’ (२०००) कुत्र्यांच्या मोठ्या स्पर्धेवर आहे. त्यात फ्रेड विलर्डने केलेला समालोचक मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याला कुत्र्यांमधलं ओ की ठो कळत नाही. वर समालोचकाच्या खुर्चीत बसून तो खाली चाललेल्या सगळ्या प्रकाराची मजा घेतो, शेजारच्या जाणकाराला मध्येच विचारतो की मी किती वजन उचलत असेन, सांगा बघू. म्हणजे या हौशी मंडळींवर उंचावरून हसणारा माणूस गेस्टने चित्रपटातच बसवलाय, आणि तोच सगळ्यांत मोठा मूर्ख ठरलाय. प्रेक्षकाने कोणत्या जागेवरून हसू नये, ते इथे आयतंच कळतं. स्पर्धेला आलेल्या एका जोडप्यातली बायको कुत्रीचं मधमाशीचं खेळणं हरवलं म्हणून दुकानदारावर कडाडते. पार्कर पोझी तिथे जो काही थयथयाट करते तो बघताना मला हसू कमी आणि धास्ती जास्त वाटते, कारण हे भांडण खेळण्याचं नाही, त्या लग्नाचं आहे.

बाजू एकतर्फी मांडायची नाही, म्हणून कॉर्कीबद्दल बोलायला हवं. कॉर्की समलिंगी आहे आणि गावात कोणाच्या ते लक्षात येत नाही. त्याची बॉनी नावाची बायको आहे म्हणे. तिला कोणी पाहिलेलं नाही, तिचे कपडे मात्र तोच खरेदी करतो. यातलं अर्धं हसू गावाच्या आंधळेपणावर आहे, ते आजही चालतं. उरलेलं अर्धं त्याच्या मनगटाच्या हालचालीवर आणि बोलण्याच्या ढबीवर आहे, आणि ते शिळं झालंय. बायकी पुरुषाला बघून हसण्याची सवय मराठी रंगभूमीवरही जुनी आहे, त्यामुळे ही शिळी चव आपल्याला चटकन ओळखू येते. गेस्टलाही बहुधा आली असावी. चार वर्षांनी ‘बेस्ट इन शो’मध्ये त्याने एक समलिंगी जोडपं घेतलं. त्यांची चालबोल तशीच झगमगीत, पण सबंध चित्रपटात सुखी जोडपं कोणतं म्हणाल तर ते. बाकीचे नवराबायको एकमेकांना सोलत असतात.

कैफियत आणि फसवणूक यांतला फरक कळायला २००६ चा ‘बोरट’ बघावा. साशा बॅरन कोहेन हा नट बोरट नावाच्या खोट्या कझाक पत्रकाराचं सोंग घेऊन खऱ्या माणसांसमोर गेला. सत्तेतल्या, पैशातल्या लोकांची त्याने सालटी काढली तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. पण चित्रपटातलं बोरटचं ‘कझाक’ गाव म्हणून जे दाखवलं ते रोमानियातलं ग्लोड, गरीब रोमा (जिप्सी) लोकांच्या वस्तीचं. आपल्या गावावर माहितीपट होतोय अशी आपली समजूत करून दिली होती, असं तिथल्या लोकांनी नंतर सांगितलं. काहींनी अमेरिकेत दावाही लावला, तो टिकला नाही. कायद्याने टिकला नसेल. पण त्या माणसांना आपण कशात काम करतोय हेच ठाऊक नव्हतं, मग बाजू काय मांडणार? गेस्टच्या चित्रपटात फसवला गेलेला एकही खरा माणूस नाही. हसवणारे नट, आणि ज्यांच्यावर हसायचं ती माणसंही तेच नट. आपल्याकडे रीलसाठी भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, रस्त्यात झोपलेल्या माणसाला ‘प्रँक’ करणारी पोरं बघतो तेव्हा मला ग्लोड आठवतं. कॅमेरा दिसल्यावर तो रिक्षावाला कसनुसा हसतो ना, त्या हसण्याला संमती समजलं जातं.

आता नियमाच्या बाजूने बोलणारे म्हणतील, गेस्ट अपवाद आहे. सामान्य विनोदवीराला इतकं कुठून जमणार, त्याने निदान वरच्यावर हसावं, कोणाचं नुकसान तरी होणार नाही. हा युक्तिवाद मला पटला असता, पण गेस्टनेच त्याचा उलटा पुरावा देऊन ठेवलाय.

२००६ मध्ये त्याने ‘फॉर युवर कन्सिडरेशन’ काढला. विषय हॉलिवूड आणि ऑस्करची हाव. नियमानुसार हा त्याचा सर्वांत सभ्य चित्रपट ठरायला हवा, कारण इथे तो आपल्याच धंद्यावर, पैसा-प्रसिद्धीच्या जगावर तुटून पडलाय. प्रत्यक्षात तो त्याचा सर्वांत कठोर चित्रपट आहे. कॅथरीन ओहाराने त्यात मॅरिलिन हॅक ही उतारवयाकडे झुकलेली नटी केलीय. इंटरनेटवरची एक कंडी ऐकून तिला वाटायला लागतं की आपल्याला ऑस्करचं नामांकन मिळणार. मग ती चेहरा ताणून घेते, छाती उंचावून घेते, तरुण पोरींसारखे कपडे घालून टीव्हीवर येते. नामांकन मिळत नाही. हे बघताना हसणारा प्रेक्षक ऑस्करवर हसत नाही, म्हाताऱ्या होत चाललेल्या बाईच्या चेहऱ्यावर हसतो. ओहारा अफाट आहे म्हणून पोटात कालवतं, एरवी तेही झालं नसतं. आणि बघा, हा चित्रपट माहितीपटाच्या सोंगात नाही. कॅमेऱ्यापुढे बसून मॅरिलिनला आपलं म्हणणं मांडायला मिळत नाही.

वरच्यावर केलेला विनोद वरच थांबत नाही. नेत्याच्या पोटावर, टकलावर, अडखळत्या बोलण्यावर मारलेला पंच सभागृहातल्या प्रत्येक जाड्या, टकल्या, तोतऱ्या माणसाच्या अंगावर येतो. नेता मात्र गाडीत बसून निघून गेलेला असतो. आपल्याकडच्या राजकीय नकला नीट आठवून बघा. त्यांत धोरणावर किती होतं आणि आवाजावर, चालण्यावर किती? तरी त्या सगळ्या ‘वरच्यावर’ म्हणून पवित्र.

दुसरी अडचण आणखी अवघड आहे. वर कोण, हे ठरवणार कोण? मार्च २०२५ मध्ये मुंबईत खारच्या एका स्टुडिओत झालेल्या कार्यक्रमातला उपमुख्यमंत्र्यांवरचा विनोद बाहेर आला आणि त्यांच्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी तो स्टुडिओ फोडला. विनोद करणाऱ्याने नियम तंतोतंत पाळला होता. पण स्टुडिओ फोडणाऱ्यांच्या मते तेच दुखावलेले, तेच अन्याय झालेले. आपल्याकडे भावना दुखावल्या की सत्ताधारीही पायरी उतरून खाली येऊन बसतो. सत्ता हाती असलेले, संख्येने बहुसंख्य असलेले, गावात ज्यांच्याशिवाय पान हलत नाही असे, सगळे विनोदापुरते पीडित होतात. अशा ठिकाणी दिशेच्या नियमाचा आधार घेतला तर तो ज्याच्या हातात काठी आहे त्याच्याच उपयोगी पडतो. काठीवाल्याला माझा निकषही आवडणार नाही, हे उघड आहे. पण निदान त्यात त्याला ‘मी खालचा’ असं म्हणून सुटता येत नाही. त्याला दाखवावं लागतं की विनोदात त्याचं म्हणणं चुकीचं मांडलंय.

टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांबद्दल फार लिहीत नाही, जागा वाया जाईल. पुरुषाला साडी नेसवणं, बायकोच्या वजनावर बोलणं आणि समोर बसलेल्या पाहुण्याने खुर्चीतून पडेस्तोवर हसणं, यात कोणी कोणाचं ऐकून घेतलंय असं दिसत नाही.

गेस्टचा सर्वांत कोवळा चित्रपट ‘अ मायटी विंड’ (२००३). साठच्या दशकातल्या लोकगीत गायकांचा एक प्रवर्तक वारतो आणि त्याच्या आठवणीत न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये जुने गट एकत्र येतात. त्यात मिच आणि मिकी ही जोडी, लेव्ही आणि ओहारा. एकेकाळी गाण्याच्या शेवटी स्टेजवर ते चुंबन घ्यायचे, लोक त्यासाठीच यायचे. पुढे ते वेगळे झाले, मिच मनाने कोलमडला, मिकीने मूत्राशयाच्या तक्रारींवरची उपकरणं विकणाऱ्या भल्या माणसाशी संसार थाटला. हा नवराही खरं तर हुकमी विनोदाचं गिऱ्हाईक. पण तो तळघरात खेळण्यातल्या रेल्वेचा पसारा मांडून बसलेला, आणि बायकोचं जुनं प्रेम समजून घेणारा. कार्यक्रमाच्या रात्री मिच गायब होतो. तो फूल आणायला गेलेला असतो. मग गाणं सुरू होतं आणि विंगेत उभे असलेले सगळे गायक, इतका वेळ आपण ज्यांना हसलो ते सगळे, पुढे सरकून बघू लागतात: आज ते चुंबन होणार का? आपणही तेच बघू लागतो. एवढा वेळ टिंगल करणाऱ्या चित्रपटाने आपल्याला त्या विंगेत कधी नेऊन उभं केलं ते कळत नाही. ते गाणं मायकेल मकीन आणि अॅनेट ओटूल या नवराबायकोने लिहिलं होतं. त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं आणि २००४ च्या सोहळ्यात लेव्ही आणि ओहारा यांनी मिच-मिकी होऊनच ते गायलं.

हा प्रकार पुढे टीव्हीने उचलला. २००१ चा ब्रिटिश ‘द ऑफिस’ स्पायनल टॅपचं ऋण मानतो आणि शोभतो. त्यानंतर अमेरिकन मालिकांनी त्यातली सोय तेवढी घेतली. ‘मॉडर्न फॅमिली’ ११ वर्षं चालली; हा कॅमेरा कोणाचा, या घरात तो का आहे, हे कोणी विचारलं नाही. मुलाखतीतली खुर्ची तशीच राहिली, पण तिच्यावर बसणारा आता स्वतःबद्दल कमी आणि घरातल्या दुसऱ्याबद्दल जास्त बोलतो, तेही चुरचुरीत एका ओळीत, आणि कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारल्यासारखं करतो. कैफियतीच्या जागी चहाडी आली. गेस्टने स्वतः २०१६ मध्ये नेटफ्लिक्ससाठी ‘मॅस्कॉट्स’ केला तोवर प्रेक्षकाला हे सोंग इतकं सरावाचं झालं होतं की चित्रपट बेताचाच वाटला. तो बेताचा आहेही. पात्रं भरपूर, पण कोणाचंही पुरतं ऐकून होत नाही.

वरच्यांशी खरा झगडा या मंडळींनी एकदा केला, आणि त्यात विनोद नव्हता. स्पायनल टॅपच्या कथेत बँडला त्याची रेकॉर्ड कंपनी हिंग लावून विचारत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये हॅरी शिअररने चित्रपटाचे हक्क ज्यांच्याकडे होते त्या विवेंडी या फ्रेंच कंपनीवर अमेरिकेत दावा लावला. पुढच्या वर्षी गेस्ट, मकीन आणि रायनर त्यात सामील झाले. दाव्यातला हिशोब असा, की १९८४ ते २००६ या काळात टीशर्टपासून बाहुल्यांपर्यंतच्या विक्रीतून चौघांच्या वाट्याला मिळून ८१ डॉलर आले, आणि १९८९ ते २००६ दरम्यान गाण्यांच्या विक्रीतून ९८ डॉलर. नायजेल टफनेलच्या तोंडी शोभेल असा आकडा, पण तो वकिलाने टाइप केलेल्या कागदावर होता. संगीताचा वाद २०१९ मध्ये आणि उरलेला २०२० मध्ये तडजोडीने मिटला, हक्क चौघांकडे परत येण्याची वाट मोकळी झाली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये रायनरच्याच दिग्दर्शनाखाली दुसरा भाग आला. पॉल मॅकार्टनी आणि एल्टन जॉन त्यात हौसेने येऊन जातात. पहिल्याच्या जवळपासही तो जात नाही. पण या वेळच्या टीशर्टांचा हिशोब मागायला कोणाला कोर्टाची पायरी चढावी लागू नये, एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.